कार्बन-१४

कार्बन या मूलद्रव्याचा निसर्गात सापडणारा किरणोत्सर्गी समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा पण वेगळ्या वजनाचा, आपोआप फुटत जाणारा अणू. अणुकेंद्रात ६ प्रोटॉन व ८ न्यूट्रॉन. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षे. निसर्गातला जवळजवळ ९९ टक्के कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि उरलेला बहुतेक सगळा कार्बन-१३. हे दोन्ही स्थिर आहेत. कार्बन-१४ अतिशय विरळ असतो. हवेतल्या कार्बनच्या साधारण एक लाख कोटी अणूंमागे त्याचा एक अणू येतो. रासायनिक वागणुकीत तो साध्या कार्बनसारखाच असल्यामुळे झाडे, जनावरे आणि माणसे त्याला निवडून बाजूला काढत नाहीत. उपकरणाला मात्र तो ओळखू येतो. पुरातत्त्वातले कालमापन, प्रकाशसंश्लेषणाचा उलगडा, पोटाच्या विकाराचे निदान, हवेतल्या काजळीचा माग हे त्याचे सगळे उपयोग या दोन गुणांवर उभे आहेत.

निर्मिती

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणूंवर आदळतात, तेव्हा न्यूट्रॉन सुटे होतात. असा न्यूट्रॉन नायट्रोजन-१४च्या अणुकेंद्रात शिरला की एक प्रोटॉन बाहेर फेकला जातो आणि कार्बन-१४ तयार होतो. त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. तो हवेत मिसळतो, काही समुद्रात विरघळतो, काही वनस्पती शोषून घेतात आणि अन्नावाटे तो प्राण्यांत येतो. जीव जिवंत असेपर्यंत ही भर चालू राहते. मृत्यूनंतर ती थांबते आणि शरीरातला कार्बन-१४ बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) बाहेर टाकत पुन्हा नायट्रोजन होऊ लागतो. हे बीटा कण फारच क्षीण असतात, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यानेही अडतात. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १६ किलो कार्बन असतो आणि त्यात दर सेकंदाला कार्बन-१४चे साडेतीन हजारांच्या आसपास अणू नैसर्गिकरीत्याच फुटत असतात.

शोध आणि पहिला मोठा उपयोग

फेब्रुवारी १९४०मध्ये अमेरिकेतल्या बर्कली येथे मार्टिन केमन आणि सॅम रूबेन यांनी सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात ग्राफाइटवर ड्यूटेरॉनांचा (जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा) मारा करून कार्बन-१४ मिळवला. त्याआधी सजीवांतल्या कार्बनचा माग काढायला कार्बन-११ वापरावा लागे. त्याचे अर्धायुष्य अवघे वीस मिनिटांचे, त्यामुळे प्रयोग काही तासांत उरकावा लागायचा. कार्बन-१४मुळे ही घाई संपली. शोध लावणाऱ्यांच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. रूबेन १९४३ साली प्रयोगशाळेत फॉस्जीन वायूच्या अपघातात, तिशीही गाठण्याआधी गेले. केमन यांना युद्धकाळात संशयावरून प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यांच्या शोधावर उभ्या राहिलेल्या कामाला १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे नोबेल मिळाले. या दोघांना ते कधीच मिळाले नाही.

१९६१चे नोबेल मेल्विन कॅल्विन यांचे. त्यांनी अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांच्यासह बर्कलीलाच केलेला प्रयोग आजही पाहण्यासारखा वाटतो. काचेच्या चपट्या, पातळ भांड्यात क्लोरेला या शेवाळाचे हिरवे पाणी, दोन्ही बाजूंनी दिव्यांचा प्रखर उजेड. या पाण्यात कार्बन-१४ असलेले बायकार्बोनेट सोडायचे आणि मोजून काही सेकंदांनी खालची तोटी उघडून सगळे गरम अल्कोहोलमध्ये पाडायचे. शेवाळ तत्क्षणी मरते आणि त्या घडीपर्यंत कार्बन जिथे पोहोचला तिथेच अडकून राहतो. मग त्या अर्कातली संयुगे कागदावर वेगळी करायची आणि कागदावर एक्स-रे फिल्म ठेवायची. जिथे कार्बन-१४ गेला तिथे फिल्मवर काळा डाग उमटतो. वेळ काही सेकंदांवर आणली तेव्हा मुख्यतः एकच डाग उरला : तीन कार्बनचे फॉस्फोग्लिसरिक आम्ल. हवेतला कार्बन पानात शिरल्यावर साखरेच्या वाटेवरचे पहिले स्थानक ते हे. पुढची सगळी साखळी याच रीतीने, वेळ थोडी थोडी वाढवत जुळवली गेली. नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळाले. बेन्सन यांचा वाटा पाहता तो निर्णय अपुरा होता.

कालमापन

शिकागो विद्यापीठातले विलर्ड लिबी यांनी मृत्यूनंतर घटत जाणाऱ्या कार्बन-१४चा कालमापनासाठी उपयोग केला. १९४९ साली त्यांनी जेम्स आर्नल्ड यांच्यासह ज्यांचे वय आधीच ठाऊक होते अशा नमुन्यांवर पद्धत पारखून दाखवली. त्यांत इजिप्तच्या जोसर राजाच्या थडग्यातले लाकूडही होते. १९६०चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. ५,७३० वर्षांनी निम्मा, ११,४६० वर्षांनी पाव असा कार्बन-१४ कमी होत जातो आणि सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगे काही उरत नाही. म्हणून डायनासोरची हाडे किंवा दगडी कोळसा यांचे वय या पद्धतीने काढता येत नाही.

सुरुवातीला फुटणारे अणू मोजावे लागत आणि त्यासाठी काही ग्रॅम कार्बन लागे. १९७७नंतर पुढे आलेल्या अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री अर्थात एएमएस पद्धतीत अणू फुटण्याची वाट न पाहता ते थेट मोजले जातात, त्यामुळे मिलिग्रॅमभर कार्बनही पुरतो. धान्याचा एखादा दाणा किंवा कापडाचा धागा तपासता येऊ लागला तो यामुळे. तुरीन येथील ख्रिस्ताचे म्हणून पूजले जाणारे प्रेतवस्त्र १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना येथील प्रयोगशाळांनी तपासले आणि ते कापड इ. स. १२६० ते १३९० या काळातले ठरवले.

मिळालेला आकडा मात्र जसाच्या तसा पंचांगात बसत नाही. हवेतला कार्बन-१४ सर्वकाळ सारखा नव्हता, म्हणून वृक्षांची वार्षिक वलये, तळ्यांतले गाळाचे थर यांच्याशी तो ताडून पाहावा लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘इंटकॅल२०’ हा तक्ता ५५,००० वर्षे मागे नेतो. ‘आजपासून इतकी वर्षे’ यातला ‘आज’ म्हणजे १९५० साल हाही संकेत आहे. जुन्या मराठी पुस्तकांत ताम्रपाषाण युगाचे जे काळ छापलेले दिसतात, त्यांतले अनेक ही दुरुस्ती होण्यापूर्वीचे आहेत. ते प्रत्यक्षाहून काही शतके अलीकडचे वाटू शकतात.

महाराष्ट्रातले काम

भारतात या पद्धतीची पायाभरणी मुंबईत झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, शीला कुसुमगर, डी. पी. अगरवाल यांनी १९६०च्या दशकात देशभरातल्या उत्खननांतले नमुने तपासले. हडप्पा संस्कृतीचा बहराचा काळ पूर्वी मानला जाई त्यापेक्षा आखूड असावा, हे अगरवाल यांनी १९६४ साली मांडले ते याच मोजणीवरून. लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाल्यावर हे कामही तिकडे गेले.

सातवाहनांच्या आधीच्या महाराष्ट्राला इसवी सनाची वर्षे मिळाली ती कार्बन-१४मुळे. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथल्या रंगीत मडक्यांची एकमेकांशी तुलना करून आधीचे कोण, नंतरचे कोण एवढे सांगता येई; नेमका काळ सांगता येत नसे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८पासून पंधरा वर्षे उत्खनन केले. तिथली वस्ती इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात बसते आणि माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे, उत्तर (नंतरचा) जोर्वे असे तिचे तीन टप्पे पडतात.

दख्खनच्या जमिनीत नमुना गोळा करणे हेच कौशल्याचे काम आहे. जुन्या गावठाणाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या राखाडी मातीत, राख आणि कोळसा भरपूर मिळतो, पण खाली काळी माती असली की उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि वरचा कोळसा घरंगळून खालच्या थरात जातो. झाडाझुडपांची केसासारखी मुळे नमुन्यात शिरलेली असतात, ती चिमट्याने एकेक करून काढावी लागतात. कोळसा हाताने न उचलता चिमट्याने उचलून अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळतात. कापूस किंवा कागद वापरला तर त्यांचा ताजा कार्बन चिकटतो. प्रयोगशाळेत आधी आम्लाने चुनखडीचा अंश, मग अल्कलीने मातीतली सेंद्रिय आम्ले आणि पुन्हा आम्लाने उरलेसुरले काढतात. एवढी काळजी का, हे एका हिशोबावरून कळेल : ज्यात कार्बन-१४ अजिबात उरलेला नाही अशा पदार्थात एक टक्का आजचा कार्बन मिसळला, तर तो पदार्थ सुमारे ३७,००० वर्षांचा भासतो.

ही पद्धत वस्तूचे वय सांगत नाही. त्या वस्तूतला कार्बन हवेपासून केव्हा तुटला, ते सांगते. दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातला खांब घराला लावला, तर त्या खांबाच्या कोळशाची तारीख घराच्या बांधणीआधीची निघणारच. म्हणून एकाच हंगामात पिकलेले जवाचे दाणे खांबाच्या कोळशापेक्षा भरवशाचे. आणि जिथे कार्बनच नाही, तिथे पद्धत मुकी होते. दायमाबादला १९७४ साली सापडलेले रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हे ब्राँझचे थोर शिल्पसमूह उत्खननाच्या थरांतून आलेले नाहीत. स्थानिक माणसाला खणताना मिळाले. धातूचे थेट कालमापन या रीतीने होत नाही. ही शिल्पे उत्तर (शेवटच्या) हडप्पा काळातली असे एक मत, तर धातूतले आर्सेनिकचे प्रमाण पाहता तसे मानू नये असे अगरवाल यांचे मत. वाद मिटलेला नाही.

बॉम्बचाचण्यांची खूण

१९५०च्या दशकापासून झालेल्या अण्वस्त्रचाचण्यांतल्या न्यूट्रॉनांनी हवेत कार्बन-१४ची इतकी भर घातली की १९६३च्या सुमारास उत्तर गोलार्धात त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि समुद्र व वनस्पतींनी शोषून घेतल्यामुळे प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. हा चढउतार त्या काळात वाढलेल्या प्रत्येक सजीवावर उमटला आहे. विनाशाच्या तयारीतून वैद्यकाला मिळालेले हे साधन फार मोलाचे ठरले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने पेशींच्या डीएनएमधला कार्बन-१४ मोजून त्या पेशी कोणत्या साली जन्मल्या ते काढले. माणसाच्या हृदयाच्या स्नायुपेशी जन्मभर त्याच राहतात असा समज होता. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत ते प्रमाण निम्म्यावर येते, असे २००९ साली या गटाने दाखवले. मेदपेशी वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास बदलतात. याच खुणेवरून जप्त केलेल्या हस्तिदंताचा हत्ती केव्हा मेला तेही कळते : २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक दात जप्तीच्या आधीच्या तीन वर्षांत मेलेल्या आफ्रिकी हत्तींचे निघाले, त्यामुळे जुन्या साठ्यातला माल असल्याची सबब टिकली नाही.

वैद्यकात

जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे का, हे पाहण्याची श्वासचाचणी कार्बन-१४वर चालते. रुग्णाने उपाशीपोटी कार्बन-१४युक्त युरियाची गोळी गिळायची. जिवाणू असला तर त्याचे युरिएज हे विकर युरियाचे तुकडे करते आणि काही मिनिटांतच कार्बन-१४ असलेला कार्बन डाय-ऑक्साइड उच्छ्वासात येतो. एंडोस्कोपीची नळी घालावी लागत नाही. मात्रा एक मायक्रोक्युरी, म्हणजे एका दिवसाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाहूनही कमी. तरी गरोदर स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी कार्बन-१३ वापरतात, कारण तो किरणोत्सर्गी नाही. चाचणीपूर्वी प्रतिजैविके आणि आम्लता कमी करणारी औषधे काही आठवडे बंद ठेवावी लागतात; हे पाळले नाही तर जिवाणू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणते.

नवे औषध शरीरात कुठे जाते, त्याचे काय होते आणि ते कशावाटे बाहेर पडते, हे पाहण्यासाठीही औषधाच्या रेणूत कार्बन-१४ बसवून थोड्या स्वयंसेवकांना देतात.

हवा आणि इंधन

दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल यांतला कार्बन-१४ कोट्यवधी वर्षांत पूर्ण संपलेला असतो. लाकूड, गोवऱ्या, पाचट यांत तो ताजा असतो. धूर कशाचा, हे म्हणूनच मोजता येते. महाराष्ट्रातल्या वाचकाने या संदर्भात सिंहगडाची गोष्ट अवश्य जाणावी. स्टॉकहोम विद्यापीठाचे एर्यान गुस्टाफ्सन आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात सिंहगडावर आणि मालदीवमधल्या हनिमाधू बेटावर हवा गाळून कण गोळा केले आणि त्यांतला कार्बन-१४ मोजला. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, हवेतल्या कार्बनी कणांपैकी सुमारे दोनतृतीयांश जैव इंधन आणि काडीकचरा जाळण्यातून आलेले होते. निव्वळ काजळीतही, मोजण्याच्या पद्धतीनुसार, हा वाटा निम्मा ते दोनतृतीयांश भरला. दक्षिण आशियावरच्या तपकिरी धुरकटीला केवळ गाड्या आणि कारखाने जबाबदार धरणे चुकीचे, आणि केवळ चुलीला धरणेही तितकेच चुकीचे.

खनिज इंधनाच्या धुरामुळे हवेतला कार्बन-१४ पातळ होत चालला आहे, हे हान्स सूस यांनी १९५५ सालीच वृक्षवलयांवरून दाखवले होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या हेदर ग्रेव्हन यांनी २०१५ साली केलेल्या हिशोबानुसार उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर २०५० साली विणलेला नवा सदरा आणि हजार वर्षांपूर्वीचे कापड यांत कार्बन-१४चे प्रमाण सारखेच असेल. बनावट वस्तू पकडण्याचे एक साधन त्यामुळे बोथट होईल.

बाजारातही ही कसोटी वापरतात. ‘जैव’ म्हणून विकलेल्या प्लॅस्टिकमध्ये वनस्पतीचा वाटा किती, हे तिच्यावरून ठरते. खनिज तेलापासून केलेले व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा स्वाद देणारे द्रव्य) लगेच उघडे पडते. लाकडापासून केलेले मात्र कार्बन-१४ला ओळखू येत नाही, तिथे कार्बन-१३ची जोड लागते.

अणुभट्ट्यांतही कार्बन-१४ तयार होतो : ग्राफाइटच्या भट्ट्यांत विटांमध्ये आणि तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांत पाण्यातल्या ऑक्सिजन-१७पासून. हा कचरा हजारो वर्षे जपावा लागतो. ब्रिस्टल विद्यापीठ आणि ब्रिटनची अणुऊर्जा संस्था यांनी डिसेंबर २०२४मध्ये कार्बन-१४ कृत्रिम हिऱ्यात कोंडून केलेली पहिली बॅटरी जाहीर केली. तिची वीज अत्यल्प असते, पण हिऱ्यातून बीटा कण बाहेर पडत नाहीत, म्हणून शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी तिचा विचार चालू आहे.