‘उर्वरित’ महाराष्ट्र: एका शब्दाची पार्श्वभूमी

कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ ही नावे आपण एका दमात घेतो, पण ती एका जातीची नाहीत. कोकण सह्याद्रीने आणि समुद्राने आखले. मराठवाडा आखला निजामाच्या सरहद्दीने. गोदावरी नाशिकातूनही वाहते आणि नांदेडातूनही, तरी नाशिकला कोणी मराठवाड्यात धरत नाही. आजही मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला की उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो. पुण्या-साताऱ्याकडे मोडी वाचणारा.

विदर्भ हे नाव पुराणातले, पण त्याखाली दोन मुलूख आहेत. १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेले वऱ्हाड १९०३ मध्ये नागपूरकडच्या मध्य प्रांताला जोडले गेले. वऱ्हाडात काळी माती, कापूस आणि रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरायची पद्धत. पूर्वेकडे धान आणि मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने गोळा करून सरकारात भरायची पद्धत. भंडारा-गोंदियातले ‘मामा तलाव’ ऐकून पाहुणा हमखास विचारतो, कोणाचा मामा? कोणाचाच नाही. माजी मालगुजारी तलावांचे ते लघुरूप. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव राहिले.

खरा गुंता ‘उर्वरित महाराष्ट्र’ या शब्दाचा. विकास मंडळांची तरतूद करणाऱ्या घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ आणि मराठवाडा नावानिशी येतात. बाकी सगळे ‘उर्वरित’. या गाठोड्यात कोकण, खानदेश आणि पुणे-कोल्हापूरचा पट्टा एकत्र बांधलेला आहे. त्या पट्ट्याला बोलण्यात ‘पश्चिम महाराष्ट्र’ म्हणतात, मात्र सगळ्यात पश्चिमेला असलेले कोकण त्यात नाही. हे नाव दिशेपेक्षा ऊस आणि साखर कारखान्यांवरून रुळले असावे. खानदेशाचे तर नावही कागदावरून गेले: पूर्व खानदेश जळगाव झाला, पश्चिम खानदेश धुळे.

अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिल्याची तूट, मोजायला १९८३ मध्ये सत्यशोधन समिती बसली तेव्हा या शब्दाची किंमत कळली. समितीने जिल्हा हा घटक धरला आणि राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढे कमी तेवढा अनुशेष मानला. एकूण आकडा निघाला सुमारे ३,१८७ कोटींचा; त्यात विदर्भाचा वाटा सर्वांत मोठा, पण उर्वरित महाराष्ट्राचाही एक तृतीयांशाहून जास्त. घटक तालुका का नाही, हा वाद तेव्हापासूनचा. तो उगाच नव्हता. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली की माण कोरडा दिसतच नाही. दुष्काळी तालुक्यांचे हे गाऱ्हाणे मागास प्रदेशांच्या तक्रारीपुढे नेहमी दबून गेले, कारण ते ‘उर्वरित’मध्ये, म्हणजे सुखवस्तू समजल्या जाणाऱ्या भागात होते.

१९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे झाली, तीही याच तीन नावांची. कोकण स्वतंत्र मंडळ मागत राहिले. ३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही मंडळांची मुदत संपली.