लीख की कोंडा? आधी दाणा ओढून बघा

दिवाळीच्या सुटीत भाची आमच्याकडे अंबाजोगाईला आली. केसांत पांढरे ठिपके, हात सारखा डोक्यात. वहिनीनं महिनाभर कोंड्याचा शाम्पू लावला होता, पण खाज काही थांबेना. मी लेकराला ओसरीवर उन्हात बसवलं, कानामागचे केस बाजूला केले आणि एक दाणा ओढला. हलला नाही. फुंकर मारली, तरी जागचा जागी. शेवटी दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत नेला, तेव्हा सुटला. कोंडा नव्हताच तो, लीख होती.

सगळा फरक या ओढण्यात आहे. कोंडा म्हणजे डोक्याच्या कातडीचे सुटलेले पापुद्रे. ते लहानमोठे, वेडेवाकडे असतात, कातडीवरही दिसतात आणि केस झटकले की खांद्यावर पडतात. लीख म्हणजे उवेचं अंडं. खसखशीच्या दाण्याहूनही लहान, लांबट, सगळी एकाच मापाची. उवेची मादी ते केसाला एका बाजूनं असं चिकटवते की धुऊन निघत नाही. कानामागं आणि मानेवर बघा, तिथंच जास्त सापडतात. वयाचाही अंदाज घ्यावा. कोंडा सहसा वयात आल्यावर सुरू होतो, उवा मात्र शाळकरी लेकरांत जास्त. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात पांढरं दिसलं, तर आधी लिखांचाच संशय घ्या.

खाजेवर मात्र विसंबू नका. ती दोन्हींत येते, आणि पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. तोवर मादी रोज सहा ते दहा अंडी घालत असते.

आपल्याकडं लगेच म्हणतात, ‘टँकरच्या पाण्यात डोकं कुठं रोज धुणार, म्हणून उवा झाल्या.’ तसं नाही. उवा स्वच्छ डोक्यातही होतात. त्या उडत नाहीत, उड्या मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. मायबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरं वसतिगृहात शेजारी शेजारी झोपतात, तिथं एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात जायला वेळ लागत नाही. त्यावरून कुणाला घाण म्हणू नये, लेकराच्या मनाला ते फार लागतं.

ओळख चुकली की औषध चुकतं. कोंड्याला किटोकोनॅझोलचा शाम्पू चालतो: आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. उवांना त्यानं काही होत नाही. उवांसाठी मेडिकलवर १ टक्का पर्मेथ्रिनचं लोशन मिळतं. केस साध्या शाम्पूनं धुवायचे, कंडिशनर लावायचं नाही, टॉवेलनं टिपायचे, लोशन लावून १० मिनिटांनी धुऊन टाकायचं. त्यानं उवा मरतात, पण सगळ्या लिखा मरत नाहीत. त्यांतून सात ते दहा दिवसांत पिल्लं निघतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नये. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.

खरं काम फणीचं. बारीक दातांची फणी, ओल्या केसांना भरपूर तेल किंवा कंडिशनर, आणि एकेक बट मुळापासून टोकापर्यंत. दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा, म्हणजे तिळाएवढी तपकिरी ऊ लगेच दिसते. दर तीन-चार दिवसांनी असं दोन-तीन आठवडे करा. वेळ जातो, पण याला पर्याय नाही.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. रॉकेल आणि कपाशीवर फवारायचं औषध डोक्याला लावू नका. रॉकेल पेट घेतं, फवारणीचं विष कातडीतून अंगात भिनतं. दुसरं, सीताफळाच्या बियांची पूड. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं भरपूर, त्यामुळं हा उपाय घरोघरी. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, डोळा लाल होऊन असह्य दुखतो. गेलीच तर ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा.

तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, ‘अजून पांढरे दाणे दिसतात, पुन्हा लोशन लावू का?’ मी विचारलं, ‘मुळापासून किती लांब?’ ती म्हणाली, ‘बोटभर.’ केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि लीख मुळाशी घातलेली असते. म्हणजे ती जुनी, रिकामी टरफलं होती. ‘फणीला जिवंत ऊ लागते का?’ ‘दोन आठवड्यांत एकही नाही.’ मग लोशन नको म्हटलं. टरफलं नुसती नखांनी ओढून काढ.