आडवा वारा : मोटारसायकलवरील परिणाम

मोटारसायकलच्या प्रवासदिशेशी कोन करून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे तिच्यावर येणारे पार्श्वबल, तसेच तोल व हँडलवरील ताबा यांवर होणारा त्याचा परिणाम. गाडीला जाणवणारा वारा ही प्रत्यक्ष वारा आणि वेगामुळे समोरून येणारा वारा यांची सदिश (वेग व दिशा दोन्ही धरून केलेली) बेरीज असते. ताशी 80 किमी. वेगाच्या गाडीवर ताशी 40 किमी. वारा काटकोनात आल्यास सापेक्ष वारा ताशी सु. 89 किमी. वेगाने, प्रवासदिशेशी सु. 27° कोनातून येतो. गाडीचा वेग कमी केल्यास तोच आडवा वारा कमी बळाने ढकलतो.

सलग वाऱ्यात गाडी वाऱ्याच्या बाजूला कलती ठेवून सरळ नेता येते. डावीकडून वारा असल्यास डावी मूठ क्षणभर पुढे दाबतात. चाक किंचित उजवीकडे वळते व गाडी डावीकडे कलते. ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना किंवा खिंडीच्या तोंडाशी येणारा झोत अधिक धोक्याचा, कारण कल साधायला वेळ मिळत नाही.

वाऱ्याचे बल ज्या बिंदूत एकवटले असे मानतात तो दाबमध्य कोठे असावा, याविषयी मतभेद आहेत. विमानाच्या शेपटीच्या धर्तीवर तो गुरुत्वमध्याच्या मागे असावा, हे जुने मत. दुसऱ्या मतानुसार मोटारसायकल कलणारे वाहन असल्याने हा दाखला लागू पडत नाही : दाबमध्य पुढे असल्यास गाडीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते आणि त्या वळणामुळेच ती वाऱ्याकडे कलू लागते. हे विवेचन अधिक ग्राह्य वाटते. मात्र हँडलला जोडलेली काच वा फेअरिंग (वारा कापणारे बाह्य आवरण) हँडललाच पीळ देते, तेथे ते अपुरे पडते.

पहिल्या मताच्या पुष्ट्यर्थ पुढचे चाक झाकून दाबमध्य पुढे आणणाऱ्या ‘डस्टबिन’ फेअरिंगचा दाखला देतात. मोतो गुत्झी या इटालियन मोटारसायकल कंपनीने मांदेल्लो (इटली) येथील वातविवरात (कृत्रिम वाऱ्याच्या चाचणी-बोगद्यात), बहुधा 1950 नंतरच्या काही वर्षांत, अशा आवरणांचा अभ्यास केला. 1957 च्या हंगामानंतर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने (एफआयएम) शर्यतींत त्यांवर बंदी घातली. आडव्या वाऱ्यातील अस्थिरता हे तिचे सर्वसाधारणपणे सांगितले जाणारे कारण. तथापि या आवरणांनी बाजूचे क्षेत्रफळही पुष्कळ वाढवले होते, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही.

मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर व अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे. तिचा संबंध समुद्रवाऱ्याशी जोडला जातो. परंतु समुद्रापासून दूर असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही ती आहे.