एसी लावला की काटा का चढतो?

मे महिन्यातली दुपार आणि सायन सर्कलच्या आधीची रांग. मागच्या सीटवर आई, तिच्या पायाशी हापूसची पेटी. एरवी मधोमध ठाण मांडून बसणारा तापमानाचा काटा पाऊण रेषेच्या वर सरकला आणि एसीतून येणारी हवा कोमट झाली. मी एसी बंद केला, काचा उतरवल्या. थोड्या वेळात काटा खाली. "नको लावूस एसी, गाडीला सोसत नाही," आईने निकाल देऊन टाकला.

गाडी २००७ ची. पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून तिची नोंदणी वाढवून घेतलेली, त्यामुळे जीव अडकलेला. त्या दुपारच्या आधी तीन गॅरेज झाली होती. एकाने कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) बदललं, दुसऱ्याने एसीचा गॅस भरला, तिसऱ्याने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, काढून माझ्या हातात ठेवला, "आपल्याकडच्या हवेत याची गरजच नाय." तिघांची निदानं वेगळी, बिलं वेगळी, काटा तिथेच.

आईचं वाक्य मात्र माझ्या डोक्यात राहिलं. गाडीला सोसत नाही, पण नेमकं काय?

वाकून गाडीच्या पुढच्या जाळीतून आत पाहा. पहिली जी पातळ, बारीक पत्र्यांची चौकट दिसते ती एसीची, म्हणजे कंडेन्सर. तिच्या मागे बोट-दोन बोटं अंतरावर रेडिएटर, कूलंटची उष्णता हवेत सोडणारा. एसी थंडी तयार करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, आणि टाकतो ती बरोबर रेडिएटरच्या तोंडावर. रेडिएटरच्या वाट्याला मग ताजी हवा येत नाही, कंडेन्सरची उष्टी हवा येते.

आता ढोबळ हिशेब. जागेवर उभं असलेलं छोटं पेट्रोल इंजिन तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पितं. एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, त्यातली अंदाजे एक तृतीयांश कूलंटमध्ये उतरते. म्हणजे रेडिएटरला सव्वादोन किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकायची आहे. एसी काय करतो? सिग्नलवर तो पूर्ण ताकदीने चालत नसला तरी आतून दोनेक किलोवॉट उचलतो, त्यात कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) फिरवायला लागलेली शक्ती मिळवली की तीन किलोवॉटपर्यंत जातो. उभ्या गाडीच्या नाकासमोर एसी जी उष्णता ओततो, ती इंजिनने कूलंटला दिलेल्या उष्णतेहून जास्तच भरू शकते! शिवाय कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिनही जास्त पेट्रोल जाळतं.

उष्णता किती वेगाने बाहेर पडेल हे दोन तापमानांमधल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश, बाहेरची हवा ३५, फरक ६०. कंडेन्सरमधून जाताना हवा १२ अंशांनी तापली असं धरा. रेडिएटरला मिळाली ४७ अंशांची हवा, फरक उरला ४८. एसीचं बटण दाबलं आणि रेडिएटरची पाचव्या हिश्श्याची ताकद गेली. नव्या गाडीला याचं काही वाटत नाही, कारण तिच्या रेडिएटरमध्ये, पंख्यात, पंपात तेवढी शिल्लक ठेवलेली असते. जुन्या गाडीची शिल्लक गंज, गाळ, धूळ यांनी आधीच खाल्लेली असते. एसी बंद असेपर्यंत ते कळत नाही इतकंच.

यात मुंबईची आपली एक भर आहे. नागपूरकर मित्र हसतो, "तुमच्याकडे ३३ अंश म्हणजे काय उन्हाळा?" त्याला हा हिशेब दाखवावा. ३३ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर एक किलो हवेत सुमारे २० ग्रॅम वाफ असते. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या हवेत ती जवळपास निम्मी भरते. एसीच्या आतल्या गार नळ्यांवर या वाफेचं पाणी होतं, आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता सुटते. तीही उचलून बाहेर टाकावी लागतेच. बाहेरची दमट हवा आत घेत असाल तर एसीची निम्म्याहून जास्त मेहनत हवा वाळवण्यात जाते, गार करण्यात त्याहून कमी. तासाभरात गाडीखाली लिटरभर पाणी ठिबकलं, तर फक्त त्या पाण्यापायी सहा-सातशे वॉट उष्णता कंडेन्सरवर आली. म्हणून आतलीच हवा फिरवणारं बटण, ते वळलेल्या बाणाचं, मुंबईत दाबलेलं बरं.

निदानाची सुरुवात मी एका प्रश्नाने करतो: गाडी तापते कधी?

फक्त ट्रॅफिकमध्ये तापते आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर साठच्या वेगाला काटा खाली येतो, तर हवेची बाजू तपासा. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा. उलट, सिग्नलला ठीक पण खंडाळ्याच्या चढावर तापते, तर पाण्याची बाजू पाहायची: आतून चोंदलेला रेडिएटर, पाती झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. दोन्हीकडे तापते तेव्हा आधी कूलंटची पातळी, मग हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलची, शंका.

जुन्या पद्मिनी टॅक्सीत हा पंखा वॉटर पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असे, इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन मंद तर पंखाही मंद, म्हणजे जिथे वाऱ्याची सर्वात जास्त गरज तिथेच तो कमी. न्यूट्रलला टाकून जरा रेस दिली की पंखाही जोर धरायचा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आपल्या गाड्यांत विजेचा पंखा आहे, इंजिनच्या वेगाशी त्याला देणंघेणं नाही. पण त्याची स्वतःची दुखणी आहेत.

दुसरी खूण जास्त उपयोगाची. काटा चढताना एसीची हवा कशी आहे? माझ्या गाडीत हवाही कोमट व्हायची, आणि गाडी हलली की दोन्ही सुधारायचं. कंडेन्सर आणि रेडिएटर दोघांनाही एकाच वेळी त्रास, म्हणजे दोघांत सामाईक असलेलीच गोष्ट कमी पडतेय: वारा. काटा वर आणि हवा मात्र गारेगार, असं असतं तर मी पाण्याच्या बाजूला वळलो असतो. एक सावधगिरी. काही गाड्यांत इंजिन फार तापलं की कॉम्प्युटरच कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा, आधी हवा कोमट झाली की आधी काटा चढला. आणि काही गाड्यांना दोन पंखे असतात, एकच गेलेला असू शकतो.

चौथ्या मेकॅनिकने, हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडमागच्या गल्लीतला, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, एसी लावला आणि माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली. मला वाटलं प्यायला. त्याने ती पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बारीक धारेने सोडली. मला म्हणाला, "आत बसा, हवा बघा." अर्ध्या मिनिटात हवा गार! पाण्याची वाफ होताना कंडेन्सरमधली उष्णता निघून गेली, जे काम वाऱ्याने करायचं ते बाटलीने केलं. म्हणजे गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक. गॅस भरण्याचे माझे पैसे पाण्यात गेले होते, हे पाण्यानेच सांगितलं. उलट गरजेपेक्षा जास्त गॅस भरला तर कंडेन्सरवरचा दाब वाढतो आणि गाडी आणखी तापते.

मग त्याने वर्तमानपत्राचा अर्धा कागद जाळीवर धरला. चांगला पंखा कागद ओढून घेतो आणि तो चिकटून राहतो. माझा चिकटला, पण हात काढताच घसरत खाली आला. (कागद बाहेर फेकला जात असेल तर कोणीतरी पंख्याच्या वायरी उलट जोडल्यात. असंही होतं.) आधीच्या तिघांनीही पंखा पाहिला होता. "फिरतोय ना? मग झालं." फिरत होता, पण किती?

मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. पंख्याच्या प्लगवर, पंखा चालू असताना, १०.० व्होल्ट. मधले साडेतीनहून जास्त व्होल्ट गेले कुठे? पंख्याची अर्थची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली, तिथे हिरवी भुकटी साचली होती. समुद्राकाठच्या खारट, दमट हवेत तांब्याचे असे हिरवे क्षार होतात, देवघरातल्या तांब्यावर येतात तसेच. ते वीज नीट वाहू देत नाहीत. पंखा साधारण १२ अँपिअर ओढतो असं धरलं तर त्या एका सांध्याचा अडथळा ०.३ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण १२ गुणिले ०.३ म्हणजे ३.६ व्होल्ट, आणि त्या टीचभर जागेत ४३ वॉट उष्णता, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. वायरचं प्लास्टिक तिथे तपकिरी होऊन कडक झालं होतं.

पंख्याचं गणित असं, की वेग तीन चतुर्थांश झाला तर वाराही तीन चतुर्थांश होतो. रेडिएटरची एक पंचमांश ताकद एसीने घेतली, वाऱ्याचा पाव हिस्सा हिरव्या भुकटीने. वर कंडेन्सर पुढे ओढला तेव्हा त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, चिलटं आणि पालापाचोळा यांची चक्क गोधडी निघाली. पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ! मेट्रोच्या कामांची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल यांनी ती वर्षानुवर्षं विणली होती. ती काढताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि हलक्या दाबाने मारायचं, नाहीतर पत्र्या वाकतात आणि जागा कायमची बंद होते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. रेडिएटरचं झाकण हे कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं, साधारण ०.९ बार. त्या दाबाखाली निम्मं कूलंट, निम्मं पाणी असलेलं मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि गाडी लवकर उकळते. दुरुस्तीला लागण्याआधी हे स्वस्तातलं झाकण बदलून पाहावं. गरम गाडीचं झाकण मात्र उघडू नये: दाब सुटताच आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. कूलंटबद्दल एक गैरसमज आहे, की ते पाण्यापेक्षा जास्त गार करतं. नाही करत, उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी त्याच्यापेक्षा सरस आहे. गोठण्याचा प्रश्नही इथे नाही, सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ अंश झालं होतं तेवढंच. कूलंट घालायचं ते गंज रोखायला आणि उत्कलनबिंदू वाढवायला. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की क्षारांचा थर आत बसतो, अंघोळीच्या गीझरमध्ये बसतो तसा, आणि तो उष्णता अडवतो.

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक डबी असते. बऱ्याच गाड्यांत ८२ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं आणि झडप उघडतं. तो काढून टाकला की इंजिन तापायला वेळ घेतं आणि पेट्रोल जास्त पितं. माझा मी परत बसवून घेतला. हेड गॅस्केट गेलं असेल तर इंजिन चालू असताना कूलंटमध्ये बुडबुडे येत राहतात, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कधी ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. तसं दिसलं तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी. आणि रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण, काचा खाली. हीटर म्हणजे गाडीच्या आतला छोटा रेडिएटरच आहे. मे महिन्यात हीटर लावणाऱ्याकडे लोक वेड्यासारखे बघतात, बघू द्यावं.

माझ्या गाडीला शेवटी लागलं ते असं: दीड मीटर जाड वायर, दोन लग (वायरच्या टोकाचे जोड), एक नवा रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच), आणि त्या गोधडीची धुलाई. पंख्याच्या प्लगवर आता १३.२ व्होल्ट येतात.

पुढच्या रविवारी आईला घेऊन मुद्दाम सायनवरून गेलो. रांग तशीच, एसी चालू, काटा मधोमध. घरी आल्यावर वॉचमन धावत आला, गाडीखाली पाणी साचलंय म्हणून. मी बोट लावून पाहिलं. रंग नाही, बुळबुळीत नाही, गोडसर वास नाही, आणि गार. कूलंट नव्हे, एसीचंच.

"मग हे पाणी आलं कुठून?" आईने विचारलं.

"हवेतलं आहे."

तिने क्षणभर विचार केला. "तुळशीला चालेल का रे?"