द्राक्षाच्या मण्यातील आंबटपणा आणि डोंगरावरची रात्र

मे महिन्यात वेंगुर्ल्याला आमच्याकडे आलेल्या भाच्याने एटना ज्वालामुखीच्या उतारावर पिकलेल्या द्राक्षांच्या लाल वाइनची बाटली आणली आणि ओटीवर बसल्या बसल्या सांगितले, "मामा, डोंगरावर सूर्य जवळ असतो ना, म्हणून तिथली द्राक्षे वेगळी पिकतात." सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि सिसिली बेटावरच्या या बागा बहुतांशी ६०० ते १००० मीटर उंचीवर आहेत, तेव्हा हा जवळपणा हिशेबात धरण्याजोगा नाही. उंचीवर खरोखर बदलते ते तापमान, जे दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. या वाइनची नजाकत, म्हणजे माणकासारखा रंग आणि जिभेवर रेंगाळणारी स्वच्छ आंबट चव, बरीचशी त्या गारव्यामुळे, विशेषतः रात्रीच्या गारव्यामुळे टिकते.

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. टार्टारिक आम्ल आपल्या चिंचेत असते, तर मॅलिक आम्ल हिरव्या सफरचंदात असते आणि थोडे कैरीतही सापडते. मणी हिरवा व टणक असतो तोवर दोन्ही साठत जातात. नंतर, नाशिक-सांगलीकडचे बागायतदार म्हणतात त्याप्रमाणे, मण्यात पाणी उतरते. मणी मऊ पडतो, रंग धरतो आणि त्यात साखर झपाट्याने भरू लागते. याच वेळी मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट घडते. मणी जिवंत असल्यामुळे तो श्वसन करतो, आणि दारात साखरेची रास पडत असतानाही तो इंधन म्हणून मॅलिक आम्लावर हात टाकतो. पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे तिच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, साठवलेले हे आम्ल बाहेर पडते, पेशीची ऊर्जा-भट्टी असलेल्या तंतुकणिकेत शिरते आणि तेथील क्रेब्ज चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या साखळीत त्याचे विघटन होऊन ऊर्जा व कार्बन डायऑक्साइड मिळतो. टार्टारिक आम्ल या भट्टीत फारसे जळत नाही. हे सारे विकरांचे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एन्झाइमांचे, काम असल्याने त्याचा वेग तापमानावर ठरतो, आणि ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट होतो. पाने साखर बनवतात ती दिवसा, पण मण्याचे श्वसन रात्रीही थांबत नाही. त्यामुळे पंचवीस अंशांच्या रात्री जेवढे आम्ल खर्ची पडते, त्याच्या निम्म्याच्या आसपास पंधरा अंशांच्या रात्री पडते. साखर जमेच्या बाजूला आणि आम्ल खर्चाच्या बाजूला मांडले, तर थंड रात्र जमेला धक्का न लावता खर्च आखडते.

आम्लाचा रंगाशी असलेला संबंध पाहायला मात्र सिसिलीला जावे लागत नाही. कोकमाच्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. तो फसफसतो आणि तांबडा रंग पाहता पाहता काळपट जांभळा होतो. कोकमातील आणि काळ्या द्राक्षाच्या सालीतील रंगद्रव्ये एकाच, म्हणजे अँथोसायनिन कुळातील आहेत आणि ती आम्लातच लाल दिसतात. रात्री उष्ण असल्या तर ही द्रव्ये सालीत कमी तयार होतात. शिवाय दर १००० मीटरला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि त्यांच्यापासून बचाव करणारी द्रव्ये साल अधिक बनवते, म्हणून भाच्याच्या म्हणण्यात सूर्याला दिलेले श्रेय अगदीच वाया गेलेले नाही.

जुन्या वेलींची वाइन अधिक चांगली असे म्हणतात, त्याचे काय? १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या मुळे शोषणाऱ्या किडीने युरोपातील बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या, आणि तेव्हापासून तेथे, आपण हापूसचे कलम बांधतो तसे, या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधतात. एटनाच्या वाळूसारख्या ज्वालामुखीय मातीत ती कीड नीट पसरू शकत नाही, म्हणून तेथे शंभरीपार गेलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या वेली आढळतात. अशा वेली घड कमी धरतात, पण जाड खोडातील अन्नसाठ्यामुळे वाईट वर्षही निभावतात. तरीही 'जुन्या वेली' या शब्दांना बहुतेक देशांत कायद्याची व्याख्या नाही, त्यामुळे बाटलीवर ते कोणीही छापू शकतो. मुळे खडकाची चव ओढून वाइनमध्ये आणतात, ही तर शुद्ध भाकडकथा आहे. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार घेतात, लाव्ह्याची चव नव्हे.

भाच्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: मग आंबोलीला द्राक्षे का लावू नयेत? उंची सुमारे ७०० मीटर आहे आणि हिवाळ्यात तेथे गारवाही असतो. महाराष्ट्रात वेलीची एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळांसाठी गोडी छाटणी करतात, म्हणजे फळ कोरड्या दिवसांत येते आणि पाऊस घडांवर पडत नाही, हेही खरे. घोटाळा त्याआधीच होतो. पुढच्या हंगामाचे घड खरड छाटणीनंतरच्या काही आठवड्यांत काडीवरच्या डोळ्यांत, म्हणजे कळ्यांत, सूक्ष्म रूपात तयार होतात, आणि त्या घडनिर्मितीला भरपूर ऊन लागते. ढग दाटले की त्याच डोळ्यांतून घडांऐवजी तणावे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे नुसते तंतू, निघतात, आणि ओल्या पानांवर केवडा रोग पसरतो तो वेगळाच. जून उजाडला की आंबोलीत भर दुपारी धुक्यातून रस्त्यापलीकडचे झाड दिसत नाही.