वडील व सेवक (ख्रिस्ती मंडळीतील पदे)

वडील व सेवक : ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) आध्यात्मिक सांभाळ आणि गरजूंची प्रत्यक्ष सेवा ज्यांच्याकडे सोपवलेली असते अशी दोन प्राचीन पदे. मराठी बायबलमध्ये त्यांना ‘वडील’ व ‘सेवक’ म्हटले आहे; बोलण्यात ‘एल्डर’ आणि ‘डीकन’ हे शब्दही चालतात. नावे बहुतेक पंथांत सारखी असली तरी पद सारखे असेलच असे नाही. एका पंथातला डीकन झगा घालून वेदीपाशी उभा राहणारा दीक्षित धर्माधिकारी असतो, तर दुसऱ्या पंथातला आठवडाभर नोकरी करून रविवारी दानाची थैली फिरवणारा सभासद. त्यामुळे या पदांविषयी कोणतेही विधान वाचताना आधी पंथ कोणता ते पाहावे.

दोन्ही मूळ शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत. ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयाने मोठा माणूस आणि ‘डियाकोनोस’ म्हणजे सांगितलेले काम करणारा, निरोप नेणारा, जेवण वाढणारा. मराठीत ‘वडील’ म्हटले की बाप डोळ्यांसमोर येतो आणि गल्लत होते. वास्तविक तिशीतला माणूसही मंडळीचा वडील असू शकतो. वडीलपद ख्रिस्ती लोकांनी नव्याने काढलेले नाही. यहूदी समाजाचा कारभार वडीलधारी माणसे पाहत आणि मोशेच्या मदतीला 70 वडील नेमल्याची हकीकत जुन्या करारात (गणना 11) येते. आरंभीचे ख्रिस्ती प्रचारक पौल व बर्णबा यांनीही प्रत्येक मंडळीत वडील नेमले (प्रेषितांची कृत्ये 14:23). ‘अध्यक्ष’ हा तिसरा शब्द मूळ ग्रीक ‘एपिस्कोपोस’चा, म्हणजे देखरेख करणाऱ्याचा. याच शब्दातून पुढे ‘बिशप’ (एका भागातील मंडळ्यांचा प्रमुख धर्माधिकारी) निघाला. पण नव्या करारात अध्यक्ष आणि वडील यांच्यात भिंत दिसत नाही : पौल इफिसच्या वडिलांना मिलेत येथे बोलावून घेतो आणि कळपाची राखण करायला सांगताना त्यांनाच अध्यक्ष म्हणतो (प्रे. कृ. 20:17–28).

सेवकपदाचा उगम सांगताना प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पुढे केला जातो, आणि ती हकीकत मुळातून वाचण्यासारखी आहे. यरुशलेममधील मंडळीत विधवांना रोजचे अन्न वाटले जाई. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांची तक्रार आली, की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. भांडण अन्नाचे होते, पण त्याच्या मुळाशी भाषेची फळी होती. येशूच्या बारा प्रेषितांनी (प्रमुख शिष्यांनी) सांगितले, वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तिसेवा करणे बरे नाही. तुम्हीच चांगल्या नावाचे सात पुरुष निवडा. मंडळीने निवडले, प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची होती त्यांच्यातल्यांच्याच हाती वाटप दिले गेले असावे. या उताऱ्यात सातांना ‘डियाकोनोस’ असे कोठेही म्हटलेले नाही. वाढण्याचे काम आणि वचनाचे काम या दोहोंसाठी ‘डियाकोनिया’, म्हणजे सेवा, हा एकच शब्द वापरला आहे. शिवाय सातांतला स्तेफन लवकरच वादविवाद करताना व भाषण देताना दिसतो आणि दगडमार होऊन मरतो, तर फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगत फिरतो. ‘वडिलांनी शिकवावे, सेवकांनी वाढावे’ ही सोपी वाटणी अशी पहिल्याच पिढीत मोडलेली दिसते.

पात्रतेची यादी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात व तीताच्या पत्रात आहे. तिच्यात कौशल्यापेक्षा वागणुकीच्याच अटी जास्त. अध्यक्ष एका स्त्रीचा पती, पाहुणचार करणारा, मद्यपी नसलेला, घर नीट चालवणारा असावा. सेवक दुतोंडा किंवा पैशाचा लोभी नसावा, आणि त्याची आधी पारख व्हावी. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर ठळक फरक एकच उरतो : अध्यक्षाला शिकवता आले पाहिजे, सेवकाला ती अट नाही. पैशाच्या लोभाचा उल्लेख दोघांच्याही बाबतीत आहे. मंडळीची थैली यांच्याच हातात असे, हे लक्षात घेता ते साहजिक वाटते.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नेशियसच्या पत्रांत एक बिशप, त्याच्याभोवती वडीलमंडळ आणि सेवक अशी तिहेरी रचना दिसते. पुढे तीच सर्वत्र रुळली. रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्या 251 च्या सुमाराच्या पत्रानुसार तेथे 46 वडील होते आणि डीकन फक्त 7. आकडा प्रेषितांच्या कृत्यांवरून घेतलेला उघड आहे. पण याच पत्राप्रमाणे 1,500 हून अधिक विधवा व गरजूंचा सांभाळ मंडळी करत होती, आणि ते वाटप डीकनांच्या हातून होई. शिवाय त्यांचा वावर सतत बिशपाजवळ. साहजिकच त्यांचे वजन वाढले. 325 मध्ये नायसिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेला अठराव्या नियमात त्यांना बजावावे लागले, की वडिलांना प्रसाद (प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस) देऊ नका आणि त्यांच्यामध्ये बसू नका. तरीही 440 मध्ये लिओ पहिला डीकनपदावरूनच रोमचा बिशप, म्हणजे पोप, झाला. दरम्यान ‘वडील’ हा शब्द पश्चिमेत वेदीवर अर्पण करणाऱ्या याजकाचा झाला. इंग्रजी ‘प्रीस्ट’ हा मूळ ‘प्रेस्बुतेरोस’चाच अपभ्रंश. मध्ययुगात पश्चिमेकडील डीकनपद हे याजक होण्याआधीची पायरी एवढेच उरले.

ही घडी विस्कटली ती सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात. जिनीव्हाच्या 1541 च्या नियमावलीत धर्मसुधारक कॅल्विनने चार पदे मांडली : पाळक (मंडळीचा धर्मोपदेशक, ‘पास्टर’), शिक्षक, वडील आणि सेवक. बारा वडील नगराच्या निरनिराळ्या परिषदांतून निवडले जात. पाळकांसह ते दर गुरुवारी बसत आणि दारू, भांडणतंटा, नवराबायकोतले वाद, उपासनेला गैरहजेरी अशी प्रकरणे ऐकत. सेवक दोन प्रकारचे होते : काही निधी सांभाळत, काही प्रत्यक्ष आजाऱ्यांची व गरिबांची काळजी घेत. स्कॉटलंडने हाच नमुना उचलला. तेथे प्रभुभोजनाआधी वडील घरोघर जाऊन सभासदांची चौकशी करत आणि योग्य वाटणाऱ्याला शिशाचा लहानसा बिल्ला देत. भोजनाच्या दिवशी तो हातात नसेल तर मेजापाशी जागा नाही. शिस्त म्हणून ही पद्धत जेवढी नेटकी तेवढीच जाचक. शेजाऱ्याचे पाप मोजण्याचे काम सज्जन माणसालाही लवकर बिघडवते.

आज प्रेस्बिटेरियन (कॅल्विनच्या परंपरेतील) मंडळ्यांत पाळक हा ‘शिकवणारा वडील’ आणि निवडून आलेले सभासद ‘कारभार पाहणारे वडील’ मानले जातात. पाळकाच्या अध्यक्षतेखालील त्यांची सभा सभासदत्व, उपासना, शिस्त यांचे निर्णय घेते. वरच्या सभांतही पाळक आणि वडील बरोबरीने मत देतात. अनेक बॅप्टिस्ट मंडळ्यांत पाळक व डीकन ही दोनच पदे असून डीकनांची समितीच प्रत्यक्षात वडिलांचे काम करते. पाळकाशी खटके उडतात ते बहुधा याच संदिग्धतेतून. ब्रदरन मंडळ्यांत पगारी पाळक सहसा नसतो, सर्व भार वडिलांवर. मेथडिस्टांमध्ये मात्र ‘एल्डर’ म्हणजे दीक्षित पाळकच.

ऑर्थोडॉक्स उपासनेत डीकन आजही ठळकपणे दिसतो. डाव्या खांद्यावरून लोंबणाऱ्या अरुंद पट्ट्याचे टोक उजव्या हाताच्या बोटांत धरून, ते उंचावत, तो विनंत्या गातो आणि लोक ‘हे प्रभो, दया कर’ असे उत्तर देतात. रोमन कॅथलिक पंथाने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1967 मध्ये, कायम डीकनपद पुन्हा सुरू केले. ते विवाहित पुरुषालाही मिळते, मात्र त्याचे वय किमान 35 असावे लागते आणि दीक्षेनंतर पत्नी वारली तर सहसा पुनर्विवाह करता येत नाही. असा डीकन बाप्तिस्मा देतो, विवाह लावतो, प्रवचन करतो. मिस्सा (प्रभुभोजनाचा मुख्य विधी) अर्पण करणे व पापनिवेदन ऐकणे त्याच्या अधिकारात नाही.

स्त्रियांचा प्रश्न जुना आहे. पौल फिबीला किंख्रिया येथील मंडळीची ‘डियाकोनोस’ म्हणतो (रोम 16:1). 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनीने सम्राट ट्रेजनला कळवले, की ख्रिस्ती लोकांत ‘सेविका’ म्हटल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून आपण माहिती काढली. पूर्वेकडे स्त्रियांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी सेविकांची गरज लागे. 451 च्या कॅल्सिडन परिषदेने त्यांच्यासाठी किमान वय 40 ठरवले. पुढे ही परंपरा क्षीण झाली. 1836 मध्ये जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे थिओडोर फ्लीडनर याने रुग्णसेवेसाठी सेविकांची संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1851 मध्ये तेथे शिकली. चर्च ऑफ स्कॉटलंडने 1966 मध्ये स्त्रियांना वडीलपद खुले केले. कॅथलिक पंथात पोप फ्रान्सिस यांनी 2016 व 2020 मध्ये या विषयावर आयोग नेमले, पण डीकनपदाची दीक्षा पुरुषांपुरतीच राहिली. 2024 मध्ये झिंबाब्वेत, अलेक्झांड्रियाच्या ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्केटखाली (तेथील सर्वोच्च बिशपाच्या अधिकारक्षेत्रात), एका स्त्रीला डीकनपद देण्यात आले.