एक भिंत काळी केली, तर किती उजेड जातो?

भिंत काळी रंगवायचा विषय निघाला की घरात पहिली हरकत येते ती खोली लहान दिसेल याची. दुसरी येते, घर तापेल याची. उजेडाचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही, आणि काळ्या रंगाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

पांढरं इमल्शन अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० टक्के परत फेकतं. काळं मॅट इमल्शन जेमतेम ५ टक्के. बाकीचा प्रकाश रंगातले काजळीसारखे बारीक कण शोषून घेतात आणि त्याची उष्णता होते. इथवर सगळ्यांना अंदाज असतो. लक्षातून निसटतं ते हे, की खोलीतला प्रकाश एकाच उसळीत संपत नाही. भिंतीवरून छताकडे, छतावरून लादीकडे, लादीवरून पुन्हा भिंतीकडे असा तो फिरत राहतो. दर उसळीला थोडा गळतो, उरलेला पुन्हा कामाला येतो. दिव्यातून थेट मिळालेला उजेड आणि या साऱ्या उसळ्या यांची बेरीज म्हणजे खोलीतला एकूण उजेड.

ही बेरीज काढणं सोपं आहे. खोलीच्या सगळ्या पृष्ठभागांचं सरासरी परावर्तन एकातून वजा करायचं आणि जे उरेल त्याने एकाला भागायचं. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घेऊ. भिंती आणि छत पांढरं, लादी फिकट, म्हणजे निम्मा प्रकाश परत देणारी. फर्निचर आणि खिडक्या तूर्त बाजूला ठेवू. सरासरी परावर्तन येतं ७५ टक्क्यांच्या जवळ, आणि दिव्याच्या उजेडाचा जवळपास चौपट उजेड खोलीला मिळतो. आता १२ फुटांची एकच भिंत काळी करा. चौपटीचं २.६ पट होतं. म्हणजे खोलीच्या एकूण पृष्ठभागापैकी पाचवा हिस्साही धड बदललेला नाही आणि एक तृतीयांश उजेड गेला. उरलेल्या तिन्ही भिंती काळ्या केल्या की आकडा १.३५ वर येतो. पहिल्या भिंतीने जेवढा उजेड खाल्ला, तेवढा पुढच्या तिघी मिळूनही खात नाहीत! ‘एकच तर भिंत आहे’ असं म्हणत ती रंगवणाऱ्यांनी हा आकडा जरूर ध्यानात घ्यावा. दिवे तेच ठेवून भिंत काळी केली, तर चार दिवसांत खोली कोंदट वाटू लागते. दोष रंगाचा नसतो, दिव्यांची आखणी बदलली नाही याचा असतो.

मग भिंत कोणती निवडायची? खिडकीसमोरची भिंत दिवसाचा सर्वांत जास्त उजेड झेलते, तिला हात लावू नये. खिडकी असलेली भिंत काळी केली तर उजेडाचं नुकसान कमी होतं, कारण तिच्यावर बाहेरचा प्रकाश थेट पडतच नाही. पण मग लख्ख खिडकी आणि तिच्याभोवतीचा काळोख यातला फरक दुपारी डोळ्यांना खुपतो. सध्या टीव्हीच्या मागची भिंत काळी करायची टूम आहे. दिसायला ती छान दिसते. मात्र टीव्हीच्या काचेत प्रतिबिंब पडतं ते समोरच्या भिंतीचं, सोफ्यामागच्या. चित्र खुलवायचं असेल तर गडद रंग तिथे हवा.

सिनेमाच्या थिएटरात भिंती गडद असतात त्यामागेही हेच गणित आहे. प्रोजेक्टरला काळा प्रकाश फेकता येत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे प्रकाश पाठवलाच नाही अशी जागा. पडद्यावरचा उजेड भिंतींवर आपटून त्या जागी परतला, की काळ्याचा राखाडी होतो. घरी प्रोजेक्टर लावणाऱ्यांनी पडद्यालगतच्या बाजूच्या भिंती आणि छताचा तेवढा पट्टा आधी गडद करावा.

खोली लहान दिसण्याची भीती अर्धी खरी आहे. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये लोकांना आभासी खोल्या दाखवून उंचीचा अंदाज विचारला होता. छत जितकं उजळ, तितकी खोली उंच वाटली. भिंती उजळ असल्या तरी उंची वाढल्यासारखी वाटली. म्हणून फ्लॅटमध्ये छत पांढरंच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंत किती दूर वाटते, ही गोष्ट मात्र निराळी. पांढऱ्या खोलीत कोपरा कळतो तो दोन भिंतींवर कमीजास्त उजेड पडल्यामुळे. काळ्या मॅट रंगात हा फरक इतका पुसट होतो की भिंत नेमकी कुठे संपली ते डोळ्याला सांगता येत नाही. शिवाय डोळा उजळपणा ठरवतो तो शेजारच्याशी तुलना करून. पितळेची समई पांढऱ्या भिंतीपुढे फिकी पडते. काळ्या भिंतीपुढे तीच समई, त्याच उजेडात, तिच्या प्रत्येक कंगोऱ्यासकट उठून दिसते. काळ्या खोलीत उजेड भिंतीवर उधळायचा नसतो, वस्तूंवर टाकायचा असतो. काळ्या छताखाली पीओपीच्या खाचेत लपवलेली दिव्यांची पट्टी म्हणजे निव्वळ विजेची नासाडी.

तापण्याचं काय? गच्ची किंवा पश्चिमेची बाहेरची भिंत काळी असेल तर घर नक्की तापेल, कारण तिथे ऊन थेट पडतं. आत तसं होत नाही. खोलीच्या तापमानाला भिंत जी अवरक्त (डोळ्याला न दिसणारी, उष्णतेची) किरणं सोडते आणि शोषते, त्यांच्यासाठी पांढरा आणि काळा रंग जवळपास सारखेच. उन्हाची तिरीप जिथे पडते तेवढी जागा गरम लागेल, इतकंच. डासांची काळजी त्यापेक्षा खरी. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा वास लागला की डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी लाल, नारिंगी आणि काळ्या रंगांकडे झेपावते, पांढऱ्याकडे फिरकत नाही, असं वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. पलंगाच्या उशाशी काळी भिंत हवी असेल तर खिडकीला जाळी आधी बसवा.

राहिला पोत. चकचकीत रंगाचा वरचा थर आरशासारखा ४ टक्के प्रकाश परत देतो. पांढऱ्यावर तो लपतो; काळ्यावर दुसरं काही दिसायलाच नसल्यामुळे ट्यूबलाइटची रेघ आणि पुट्टीतला प्रत्येक उंचवटा उघडा पडतो. मॅट रंग हा प्रकाश विखरून टाकतो, पण ओल्या फडक्याने घासला की त्याचा बारीक खडबडीतपणा सपाट होतो आणि तिथे चमकदार डाग उमटतो. हात लागेल अशा जागी, स्विचबोर्डाभोवती किंवा जेवणाच्या टेबलामागे, मधला सॅटिन बरा. ओट्याला काळा ग्रॅनाइट घेतलात तर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे वळ रोज पुसावे लागतील. कडप्पा घेतलात तर लिंबू पिळताना खाली ताटली ठेवा: तो चुनखडीचा दगड आहे, आम्ल सांडलं की विरघळतो आणि तिथली झिलई जाते ती जातेच.